मृत्यू नावाची मुलगी

बसमध्ये आपण मोठ्यांदा बोललो, हे तिला शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उत्तर दिलं तेव्हाच कळलं. "हे काम मला सांगू नका. मी कुणालाही मारणार नाही," असं ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली होती. गेले कित्येक दिवस हे वाक्य ती भांडी घासताना, जिना चढताना, केस विंचरताना म्हणत आली होती, त्यामुळे ते ओठांतून कधी बाहेर पडायचं याचा तिला पत्ताच नसायचा. गृहस्थांनी मांडीवरची पिशवी सावरली आणि भाजीचा भाव पटत नाही म्हणून सांगावं तशा वाजवी आवाजात ते म्हणाले, "मग नका मारू. जबरदस्ती आहे का?" ती एकदम ओशाळली. "नाही हो, नाटकातलं वाक्य आहे." "असं होय," ते म्हणाले, "मला वाटलं घरचंच काही असेल." मग जरा वेळानं, गप्प बसवेना म्हणून, "कुणाला मारायला सांगतात?" "सगळ्यांना." "सगळ्यांना म्हणजे?" "जेवढे जन्माला आले तेवढ्या सगळ्यांना." गृहस्थांनी यावर खरोखर विचार केला. "मग तर नाहीच म्हणा बाई. एवढं काम एकट्या माणसाला झेपायचं नाही," असं म्हणून ते उठले, दांडीला धरत दाराकडे गेले आणि पुढच्या थांब्यावर उतरून गर्दीत मिसळले. एवढंच झालं. पण बस सुटली तेव्हा तिचा तोल गेल्यासारखा झाला होता. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं. मग नका मारू. एवढ्या तालमी झाल्या, पण तिला असं साधं उत्तर कुणी दिलं नव्हतं. नाटकात ती ते वाक्य गुडघ्यांवर बसून, हात जोडून, युगानुयुगांचं ओझं गळ्यात घेऊन म्हणायची, आणि समोरचा ब्रह्मदेव तितक्याच जड आवाजात म्हणायचा, "हेच तुझं काम आहे." दोन दगड एकमेकांवर घासावेत तसा तो प्रवेश. ठिणगी नाही, नुसती भुकटी.

गोष्ट तशी जुनी होती आणि मास्तरांनी तिच्यावर नवं नाटक लिहिलं होतं. ब्रह्मदेवानं सृष्टी केली, जीव निर्माण केले, पण त्यांना मरण द्यायचं राहूनच गेलं. माणसं, जनावरं, किडामुंगी, सगळं वाढतच गेलं, इतकं की श्वास घ्यायला जागा उरेना. मग ब्रह्मदेवाला राग आला आणि त्या रागाची आग होऊन सगळं जळायला लागलं. शंकरानं हातापाया पडून ती आग आवरायला लावली. आवरली, पण गिळलेली आग कुठून तरी बाहेर पडणारच. ती ब्रह्मदेवाच्या अंगातून एक मुलगी होऊन बाहेर आली. सावळी, लाल वस्त्रांची, लाल डोळ्यांची. तिचं नाव मृत्यू. ब्रह्मदेव म्हणाला, मार. ती म्हणाली, नाही. ती रडली, पळाली, एका पायावर उभं राहून तप करत बसली. पण शेवटी ब्रह्मदेवानं तिची आसवं ओंजळीत धरली आणि सांगितलं की हीच आसवं आता रोग होतील, माणसं त्यांनीच मरतील, तुला पाप लागणार नाही, तू फक्त जा. मास्तरांनी याचं जे केलं होतं ते पाहण्यासारखं होतं. त्यांच्या नाटकात सृष्टी म्हणजे खुर्च्या. पडदा उघडतो तेव्हा रिकाम्या रंगमंचावर ब्रह्मदेव कोट घालून एकटाच बसलेला, कंटाळलेला. मग तो एक नाव उच्चारतो, की कुणीतरी खुर्ची आणून ठेवतं. अजून एक नाव, अजून एक खुर्ची. लाकडी, लोखंडी, घडीची, मोडक्या पायाची. बघता बघता रंगमंच इतका खचाखच भरतो की नटांना एकमेकांच्या अंगावरून जावं लागतं आणि प्रेक्षकांनाच गुदमरल्यासारखं होतं. मग ब्रह्मदेव उठतो आणि खुर्च्या भिरकावायला लागतो. तोच तो संहार. तिथपर्यंत नाटक असं पळायचं की बघणाऱ्यानं खुर्चीची कड धरून बसावं. आणि मग ती यायची, मृत्यू, आणि सगळं ठप्प व्हायचं. काल मास्तर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुझं पाठांतर चोख आहे, उभं राहणं चोख आहे. पण ओंजळीत काही पडत नाही. ब्रह्मदेव रिकाम्या ओंजळीकडे बघून बोलतो आणि मला लाज वाटते. उद्याच्या तालमीतही कोरडंच राहिलं तर मी हे काम नळाला देणार." नळ म्हणजे मंडळीतली सगळ्यात लहान नटी. तिला रड म्हटलं की ती रडायची, थांब म्हटलं की थांबायची, म्हणून हे नाव. गुणी पोरगी. तिचा राग करावा असंही काही नव्हतं.

कामावर पोचली तरी बसमधलं ते वाक्य अंगातून उतरलं नव्हतं. ती दात करायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून जबडे तयार व्हायचे, आणि मग त्या जबड्यांतल्या रिकाम्या जागांसाठी ती मेणाचे दात कोरायची. मेणावरून पुढे धातूचे किंवा चिनी मातीचे व्हायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर अनोळखी माणसांचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले असत. नव्यानं लागलेल्या माणसाला पहिले काही दिवस त्यांची भीती वाटायची, मग तो त्यांच्यावरच चहाचा कप ठेवायला लागायचा. आज तिच्यासमोर कुणा बाईचा वरचा जबडा होता, पुढचा एक दात गेलेला. तिनं दिव्याखाली सुरी तापवली, मेणाचा थेंब उचलला, आणि हात नेहमीसारखे चालायला लागले तशी ती पुन्हा त्या मुलीकडे गेली. तिचं वय काय? हा प्रश्न इतका अचानक आला की सुरी थांबली. आपण तिला म्हातारी केली. काळीशार, हजारो वर्षांची, सगळं बघून बसलेली. मृत्यू म्हटलं की माणूस तेच करणार. पण ती तर आत्ता जन्मली आहे. अजून ओली असेल. जगात अजून एकही माणूस मेलेला नाही, मुंगीसुद्धा नाही. तिनं प्रेत पाहिलेलं नाही, कुणीच पाहिलेलं नाही. तेव्हा 'मार' म्हणजे काय हे तिला कसं कळणार? 'मार' हा शब्दच त्या क्षणाला पहिल्यांदा उच्चारला गेला. तिनं सुरी खाली ठेवली. कानशिलं गरम झाली होती. इतके दिवस आपण सृष्टीतल्या सगळ्यात धाकट्या पोरीला आजीबाई करून ठेवलं होतं. तिला हसूच आलं. पलीकडच्या टेबलावर मालक भट्टीत डोकं घालून होते, ते तसेच म्हणाले, "काय झालं? कुणाचा जबडा बोलला की काय?" "नाही," ती म्हणाली, "मला आज जरा लवकर सोडाल?" "उद्या नाटक ना तुझं," मालक म्हणाले, "तू इथे असलीस तरी आज तू इथे नाहीसच."

पण मेणाचा तो दात पुरा होईपर्यंत ती बसली, कारण अर्धवट सोडलेला दात तिला स्वप्नात छळायचा, आणि तेवढ्या वेळात, हात कामात असले की डोक्यात जे येतं ते आलं. ती अकरा-बारा वर्षांची. शाळेतून येत होती तेव्हा जिन्याच्या खाली काका, शेजारचे डॉक्टर आणि बाबांच्या कारखान्यातले दोघं असे घोळका करून उभे होते. मोठमोठाली माणसं, पण प्रत्येक जण पायाखालच्या फरशीकडे बघत होता. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच पुढे होईना. मग काकांची नजर तिच्यावर पडली आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं आलं ते तिला अजून दिसायचं. त्यांनी तिला काय झालं ते सांगितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू शहाणी आहेस. तूच जा वर. आम्ही मागोमाग येतोच." ती वर गेली. आई इस्त्री करत होती. ती म्हणाली, "बाबा गेले." आई मान वर न करता म्हणाली, "कुठे?" त्या एका शब्दानं तिला कोंडीत पकडलं. गेले म्हणजे कुठे हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला दुसरा शब्द वापरावा लागला, जो घरात उंदराबद्दल नाहीतर कुत्र्याबद्दल वापरत. मग इस्त्रीखाली बाबांचा सदरा जळल्याचा वास आला आणि काका-डॉक्टर मंडळी आत आली आणि सगळे रडले. ती रडली नाही. कोपऱ्यात सरळ उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, पोरगी मोठी खंबीर आहे हो. झालं. तो शिक्का बसला तो बसलाच. तेव्हापासून घरात, नात्यात, चुलत-मावस फाट्यांत कुणी गेलं की निरोप पोचवायला तिला पाठवायचे. आत्याला तिच्या मुलाचं तिनंच सांगितलं. आजोबांना आजीचं तिनंच. पुढे पुढे तिला त्यातली हातोटीच आली. आधी माणसाला बसवायचं, जवळ पाणी असू द्यायचं, इकडचं तिकडचं न बोलता दुसऱ्या वाक्यात सांगून टाकायचं आणि मग गप्प राहायचं. ताई, तिची थोरली बहीण, म्हणायची, "तुलाच जमतं बाई हे. माझे तर हातपायच गळतात." आणि ते खरंच होतं. ताईचे गळायचे, हिचे नाही. मेणाचा दात तिनं जबड्यात बसवून पाहिला, किंचित वाकडा ठेवला, कारण शेजारचे खरे दातही वाकडे होते, आणि पदराआड जळता निखारा न्यावा तशी ती मनातली ती नवी पोरगी सांभाळत तालमीला निघाली.

तालीम एका शाळेच्या व्यायामशाळेत चालायची. छताला दोर लोंबकळत होते, भिंतीला शिड्या लावल्या होत्या आणि सगळीकडे रबरी चटयांचा वास होता. मास्तर त्याच शाळेत भूमिती शिकवायचे, म्हणून ती जागा मिळाली होती आणि म्हणूनच ते नटांना 'तिथे नाही, काटकोनात उभा राहा' असं सांगायचे. ब्रह्मदेव खुर्च्या मोजून लावून घेत होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, मंडळी त्याला नाटकाबाहेरही ब्रह्मदेवच म्हणत आणि गिऱ्हाइकांना नवी दृष्टी देणारा म्हणून त्यालाही ते आवडायचं. "मास्तर," ती म्हणाली, "मी आज वेगळं करणार आहे." मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "उद्या प्रयोग आहे आणि आज वेगळं?" "तुम्हीच म्हणालात ना, कोरडं राहिलं तर नळाला देणार. मग तसंही वेगळंच होणार आहे." मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. "कर," ते म्हणाले. खुर्च्या आल्या, साचल्या, भिरकावल्या गेल्या. त्या पडझडीच्या मधून ती उठली. रोजच्यासारखी सावकाश नाही, तर झोपेतून दचकून उठल्यासारखी. आधी तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. हात आहेत. बोटं आहेत आणि ती हलतात. मग एक आडवी पडलेली खुर्ची तिला दिसली, तिनं तिचा पाय हलवून बघितला. मग ब्रह्मदेवाचा कोट. कोटाचं बटण. ते तिनं दोन बोटांत धरलं तेव्हा ब्रह्मदेव कसनुसा झाला, कारण हे कधी ठरलं नव्हतं, पण तो जुना नट होता, त्यानं वाक्य सोडलं नाही. "मार," तो म्हणाला. "हे सगळे फार झाले आहेत. जा, यांना मार." आणि तिनं, वहीत जे नव्हतं ते, विचारलं, "मारायचं म्हणजे काय करायचं?" व्यायामशाळेत कुणीतरी खुर्ची सरकवत होतं ते थांबलं. ब्रह्मदेवानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हलले नाहीत. "म्हणजे," ब्रह्मदेव चाचरत म्हणाला, "म्हणजे थांबवायचं." "काय थांबवायचं?" "हे. श्वास." "तो कुठे असतो?" ब्रह्मदेवानं नाकाकडे बोट दाखवलं. तिनं हात त्याच्या नाकाखाली धरला. त्याचा श्वास तिच्या तळव्यावर आला, गरम, जरा घाबरलेला, बडीशेपेच्या वासाचा, आणि तिला इतकं नवल वाटलं की ती खरोखर हसली. "हा?" ती म्हणाली. "हा तर किती छान आहे." आणि मग, विनवणी नाही, ओरडणं नाही, बसमधल्या गृहस्थांना सांगावं तितक्या सरळ, "मी नाही मारणार."

शिडीखाली बसलेली नळ नाक पुसत होती आणि यावेळी तिला रड असं कुणी म्हटलं नव्हतं. इकडे खुर्च्यांमध्ये उभ्या असलेल्या तिच्या अंगात मात्र झिणझिण्या होत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि तिला वाटलं की आत्ता कुणी सांगितलं तर आपण त्या दोरावरून छतापर्यंत चढून जाऊ. मास्तर उठले, तिच्याभोवती एक चक्कर मारली. त्यांच्या तोंडून शाबासकी म्हणजे वाळवंटातला पाऊस. "हे ठेव," ते म्हणाले. "बटण ठेव, श्वास ठेव. पण पुढे काय? तिला रडावं लागतं. तिच्या आसवांचेच रोग होतात. आसवं नाहीत तर माणसं मरणार कशी, आणि माणसं मेली नाहीत तर माझं नाटक संपणार कसं?" सगळे हसले, तीही हसली. "आज नाही आलं," ती म्हणाली. "तुला कधी येतं का?" मास्तरांनी विचारलं. विचारण्यात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिनं आठवून पाहिलं. कांदा चिरताना, एवढंच आठवलं, पण ते सांगितलं नाही. तेवढ्यात चहा आला आणि त्याच वेळी तिचा फोन वाजला.

ताई होती. ताईचा आवाज नेहमीच्या दोन पट्ट्या खाली होता, आणि त्यावरूनच तिला कळलं की कुणीतरी गेलं. "मावशी गेली," ताई म्हणाली. "दुपारी. झोपेतच. तिच्या सुनेचा फोन आला होता." मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, दुसऱ्या गावी राहणारी, दर रविवारी आईशी फोनवर तासन्‌तास बोलणारी. "आईला अजून माहीत नाही," ताई म्हणाली. "तू तालमीतून निघालीस की जा. तूच सांग. तुला जमतं." नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यात ती जुनी यंत्रणा फिरायला लागली होती, आधी बसवायचं, पाणी जवळ, दुसऱ्या वाक्यात, आणि तोंड उघडून ती हो म्हणणार तर तोंडातून आलं, "मी नाही सांगणार." "म्हणजे?" "म्हणजे मी येते. तुझ्याबरोबर येते. पण सांगणार नाही. तू सांग." "अगं पण मला कुठे," ताई म्हणाली, "मला कुठे येतं ते?" "मलाही कुठे येत होतं?" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाचं तिला आश्चर्य वाटलं, कारण त्यात राग नव्हता. उलट, लाज वाटावी इतका हलकेपणा होता. मावशी गेलेली आहे, बाई, ती स्वतःला म्हणाली. पण ते वाक्य अजून बाहेरच उभं होतं, चपला न काढता. चहाचा कप तसाच ठेवून ती निघाली. मास्तरांना म्हणाली, "घरी जायचंय, कुणीतरी गेलंय." ब्रह्मदेवानं कोट काढता काढता विचारलं, "तू सांगायला जातेयस?" मंडळीतही तिची ख्याती पोचलेली होती. "नाही," ती म्हणाली, "ऐकायला."

आईच्या इमारतीखाली ताई वाट बघत होती, हातातला रुमाल पिळून त्याची दोरी झालेली. जिना चढताना ती तीनदा थांबली. "तू फक्त सुरुवात करून दे," ताई म्हणाली. "ताई, चल," ती म्हणाली आणि बेल वाजवली. आईनं दार उघडलं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून थेट दारापर्यंत आलं होतं, मागे शिवणयंत्रावर कुणाचीतरी उशीची खोळ अर्धी टिपलेली. आईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आईचा चेहराच उजळला. "अगं, काय झालं काय तुला आज?" आई म्हणाली. "तोंड कसं फुललंय." ती काही बोलायच्या आत आईनं ताईला सांगायला सुरुवात केली, "तुला म्हणून सांगते, ही न सांगता दारात उभी राहिली की माझ्या पोटात धस्स होतं. दार उघडतानाच मी मनात म्हणते, आता कोण? आणि आज बघ हिच्याकडे. नाटकाचं काही ना? बक्षीस बिक्षीस? सांग, सांग लवकर." आई तिचा हात धरून तिला खुर्चीत बसवायला लागली, आणि हे इतकं उलटं होतं, बसवणं, हात धरणं, समोर बसून वाट बघणं, की ती पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसली. एक वाक्य, आणि हा चेहरा विझेल. किती वेळा विझवला आपण हा. आई दर वेळी दारात आधी आपल्याकडे बघून घाबरत आली, इतकी वर्षं, आणि आपल्याला कळलंही नाही. तिनं ताईकडे पाहिलं. ताई फ्रिजकडे तोंड करून उभी होती. आणि फ्रिजलाच सांगावं तसं ताई एका दमात म्हणाली, "आई, मावशी गेली."

वाईट सांगितलं होतं. इतकं वाईट तिनं स्वतः कधीच सांगितलं नसतं. पण ते वाक्य तिच्या तोंडातून निघालं नव्हतं, आणि म्हणून पहिल्यांदाच ते तिच्या कानांत गेलं. निरोप्याला निरोप कधी ऐकू येत नाही. त्याचं सगळं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्यावर असतं, पाण्याच्या पेल्यावर असतं. मावशी गेली. मावशी, जी विनोद झाला की सगळे हसून झाल्यावर एकटी हसायची, कारण तिला तो उशिरा कळायचा, आणि मग तिच्या हसण्याला सगळे पुन्हा हसायचे. मावशी, जिनं तिला शीळ घालायला शिकवलं होतं आणि जिच्या आरशासमोर ती पहिल्यांदा राणी झाली होती, मग भिकारीण, मग पोलीस. ती गेली. पोटातून कसला तरी आवाज निघाला. तिला आधी वाटलं रस्त्यावर काहीतरी झालं. मग कळलं की तो आपलाच. बेढब, खरखरीत, वर्षानुवर्षं न उघडलेलं दार ढकलावं तसा. तिचे खांदे हलत होते, नाक वाहत होतं, आणि हे अजून थांबत नाही याचं तिला कुठेतरी, त्या सगळ्याच्या खाली, प्रचंड नवल वाटत होतं. "अगं, तू?" आई म्हणाली. आईचे डोळे अजून कोरडे होते. बहिणीच्या जाण्यापेक्षा हे दृश्य तिला आधी पोचलं होतं. तिनं हिचं डोकं ओढून स्वतःच्या पोटाशी धरलं आणि ताईला म्हणाली, "बघत काय उभी राहिलीस, पाणी आण हिला."

पुष्कळ वेळ असाच गेला. आई मग रडली, ताई रडली, फोन झाले, सकाळी निघायचं ठरलं. आणि मग, पिशवी भरायला काढलेली लुगडी मांडीवर घेऊन आई पलंगावर बसली आणि एकदम म्हणाली, "ती झाली तेव्हाची बातमी मी दिली होती, माहीत आहे?" दोघींनाही माहीत नव्हतं. "मी सहा-सात वर्षांची असेन. घरात नुसत्या बायकाच बायका. मला कुणी आत सोडेना. मग सुईण बाहेर आली, म्हणाली, बहीण झाली तुला, जा पळ, वडिलांना सांग. वडील दुकानात, पार दुसऱ्या टोकाला. मी पायात काही न घालता जी सुटले. आणि वाटेत जो दिसेल त्याला सांगत सुटले. शिंप्याला सांगितलं. शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला सांगितलं, तो खाली वाकून म्हणाला, काय? म्हणून त्याला पुन्हा सांगितलं. एका कुत्र्यालासुद्धा सांगितलं. त्यात एवढा वेळ गेला की माझी बातमी माझ्याआधी दुकानात पोचली. मी गेले तर लोक वडिलांकडे पेढे मागतायत. मला इतकं रडू आलं. तर वडील काउंटरमागून बाहेर आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, काय ग, अशी धापा टाकत का आलीस? काही झालंय का?" आई हसायला लागली, हसता हसता तिला पुन्हा हुंदका आला आणि तो हसण्यातच मिसळला. "त्यांना सगळं ठाऊक होतं. पण मी सांगेपर्यंत त्यांनी तोंडावर काही दाखवलं नाही." ती जमिनीवर बसून हे ऐकत होती, गुडघ्यांना मिठी घालून, आणि तिच्या पायांत पुन्हा तालमीतल्या झिणझिण्या सुरू झाल्या होत्या. अनवाणी, धापा टाकत, जो भेटेल त्याला. "उद्या मीही येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. आईनं लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली. "तू नाटक कर," ती म्हणाली. "तू पुष्कळ गेलीस आमच्या सगळ्यांसाठी. उद्या ताई येईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विंगेत उभी असताना तिनं लाल वस्त्रांखाली पायातल्या चपला काढून ठेवल्या. फरशी गार होती. प्रयोग सुरू होण्याआधी तिनं ब्रह्मदेवाला एवढंच सांगितलं होतं, "मी खुर्च्यांतून उठणार नाही. पळत येणार आहे. घाबरू नका आणि मला धरू नका." "मास्तरांना सांगितलंस?" "नाही." ब्रह्मदेवानं कोटाची बटणं लावली. "मग मलाही सांगितलं नाहीस," तो म्हणाला. बाहेर खुर्च्या साचत गेल्या, प्रेक्षागृहातली चुळबुळ वाढत गेली, मग पहिली खुर्ची भिरकावली गेली, दुसरी, आणि त्या कडकडाटात मधोमध एक वाट मोकळी झाली. ती आणखी मागे सरकली, रंगपटाच्या दारापर्यंत. मास्तर समोरच्या विंगेत होते, हातवारे करून विचारत होते, तू तिथे कुठे? खुर्च्यांचा आवाज थांबला. ती सुटली. अंधारातून उजेडात, अनवाणी पायांच्या थपथप आवाजासकट, ऊर फुटेस्तोवर, कुणाला तरी काहीतरी सांगायचं आहे अशी, आणि काय सांगायचं आहे हे अजून ठाऊक नाही अशी. प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, त्या हसण्यात भीती नव्हती. ती ब्रह्मदेवापुढे येऊन थबकली, धापा टाकत, त्याचं बटण धरून. त्यानं 'मार' म्हटलं. तिनं विचारलं, म्हणजे काय करायचं. त्यानं नाक दाखवलं, तिनं हात धरला, त्याचा श्वास तळव्यावर आला, आणि या वेळी तिला नवल वाटलं आणि लगेच, त्याच क्षणी, हा थांबतो हेही कळलं. झोपेत, दुपारी, कुणाला न सांगता थांबतो. ती हसत होती आणि गाल ओले झाले होते. "मी नाही मारणार," ती म्हणाली. ब्रह्मदेवानं ओंजळ पुढे केली. थेंब पडले, एक त्याच्या अंगठ्यावर, एक मनगटावर, मग तळहातावर. तो ओंजळीकडे बघतच राहिला. त्याचं वाक्य होतं, आणि ते येईना. चष्म्याचा दुकानदार, तीस नाटकांचा जुना नट, सृष्टीचा कर्ता, हातातलं पाणी बघून पार गप्प झाला. विंगेत मास्तर ओठ हलवत होते, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. तेव्हा ती त्याच्या कानाजवळ वाकली. "'यांचे रोग होतील' म्हणा," ती कुजबुजली. "'तुला पाप नाही' म्हणा." ब्रह्मदेवानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि जसं काही हे त्याला आत्ताच सुचलं, अशा घोगऱ्या, हळू आवाजात ते म्हटलं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं, मनगटानं नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं. जाते." मग ती रंगमंचाच्या पायऱ्या उतरून प्रेक्षकांमधल्या वाटेनं चालायला लागली, आणि कडेला बसलेली माणसं तिला जागा व्हावी म्हणून आपले पाय आत घेत गेली.